ब्राह्मी नेमकी कोणती?

१/ परीक्षा जवळ आली की रावेरपासून पुण्यापर्यंत औषधांच्या दुकानांत ‘ब्राह्मी’ची विचारणा होते. बुद्धी वाढवणारी म्हणून ख्यात असलेली ही वनस्पती नेमकी कोणती? #थ्रेड

२/ चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात चार मेध्य, म्हणजे बुद्धिवर्धक, रसायने एकत्र येतात: मंडूकपर्णी, यष्टीमधु, गुळवेल आणि शंखपुष्पी. या चौघांत ब्राह्मी नाही. चरकांचे ब्राह्मीघृत येते ते अपस्माराच्या अध्यायात.

३/ सुश्रुतसंहितेत मेधा व आयुष्य वाढवणाऱ्या रसायनांचा स्वतंत्र अध्याय आहे. त्यात मंडूकपर्णी आणि ब्राह्मी यांचे प्रयोग वेगवेगळे सांगितले आहेत. म्हणजे सुश्रुतांच्या लेखी या दोन वनस्पती भिन्न होत्या.

४/ पुढे नावांची सरमिसळ झाली. गोलसर पानांच्या कारिवण्यालाही लोक ब्राह्मीच म्हणू लागले. वास्तविक ती मंडूकपर्णी, अर्थात सेंटेला. पाणथळ जागी पसरणारी, लहान मांसल पानांची जलब्राह्मी म्हणजे बाकोपा. दोघींची कुळेही निराळी.

५/ स्मरणशक्तीविषयीच्या आधुनिक चाचण्यांत बाकोपाचा वाटा मोठा आहे. २००१ साली ऑस्ट्रेलियात निरोगी प्रौढांना रोज ३०० मिलिग्रॅम अर्क दिला गेला. १२ आठवड्यांनी शिकण्याच्या व स्मरणाच्या काही कसोट्यांत सुधारणा दिसली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या चाचणीत मात्र एका मात्रेनंतर दोन तासांनी काहीच फरक आढळला नाही.

६/ तेव्हा परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या चमचाभर औषधावर भिस्त ठेवू नये. आणि बाटलीवर ‘ब्राह्मी’ दिसली, तर खालचे शास्त्रीय नावही वाचावे. सुश्रुतांनी जपलेला भेद आपण का पुसावा?