डफ आणि माईक

पलूस तालुक्यातलं कुंडल हे प्रतिसरकारचं गाव. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड यांच्या चळवळीचा निरोप गावोगाव पोचवला तो शाहीर शंकरराव निकमांसारख्यांनी. रेडिओ तेव्हा इंग्रज सरकारच्या हाती होता. त्यावर या डफाला जागा कुठून मिळणार?

वीस वर्षांनी चित्र पालटलं. १९६३ मध्ये सांगलीत आकाशवाणी केंद्र सुरू झालं. कृष्णाकाठचं भजन, लोकगीत, पोवाडा घरबसल्या ऐकू येऊ लागला. पण माईकपाशी पोचायचं तर आधी स्वरचाचणी द्यायची. रात्रभर रंगणारा कार्यक्रम मोजक्या मिनिटांत बसवायचा, आणि समोर दाद द्यायला माणूस नाही! मात्र जत्रेच्या बिदागीवर जगणाऱ्या कलावंताला मानधन मिळालं, आणि ‘आकाशवाणी कलाकार’ हा मानही.

पोवाड्याचे शब्द वहीत उरतात. शाहिराची फेक आणि झीलकऱ्यांची ‘जी जी’ वहीत उतरत नाही. ती ध्वनिफितीतच राहते. म्हणून अशा जुन्या फिती जपणं हे प्रतिसरकारची कागदपत्रं जपण्याइतकंच मोलाचं आहे.