हेमचंद्राची संख्यामाला
हेमचंद्राची संख्यामाला : १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४, ५५... हिच्यात तिसऱ्यापासून प्रत्येक संख्या आधीच्या दोहोंची बेरीज असते. आचार्य हेमचंद्र (सु. १०८८–११७२) हे गुजरातेतील अणहिलवाड पाटणचे जैन पंडित. लघू अक्षराची १ व गुरू अक्षराच्या २ मात्रा धरून ठरावीक मात्रांचा चरण किती प्रकारे रचता येतो, हे मोजताना त्यांनी हा नियम सांगितला. त्यांच्याआधी छंदःशास्त्रकार विरहांकानेही तो दिला होता. हीच माला देणारा इटलीच्या फिबोनाचीचा ग्रंथ मात्र त्यानंतरचा, १२०२चा. मालेतील लगतच्या संख्यांचे गुणोत्तर पुढेपुढे सुवर्णगुणोत्तराच्या (सु. १.६१८) जवळ जाते. सूर्यफुलातील बियांची डावी व उजवी वळणे मोजल्यास पुष्कळदा ३४ आणि ५५ भरतात.