लग्नघर आणि घरचे हात

लग्न ठरले की आज पहिला प्रश्न उभा राहतो तो असा: कोणते काम घरी करावयाचे आणि कोणते पैसे मोजून बाहेरच्यांवर सोपवावयाचे? पुतणीच्या लग्नानिमित्त आमच्या घरीही हा वाद रंगला. थोरल्या वहिनींच्या मते मांडवापासून लाडवांपर्यंत सारे घरच्याच हातचे हवे. पुतणी म्हणे, ‘काकी, एवढे हात आता आहेत कुठे?’ मी वकील, म्हणून फिर्याद माझ्याकडे आली. निवाडा देण्यापूर्वी इतिहासाची साक्ष काढणे मला इष्ट वाटले.

गोमंतकात एके काळी हा प्रश्न खर्चाचा किंवा सोयीचा नव्हता. १५६० च्या सुमारास श्रीमंगेशाला कुशस्थळी सोडून अंत्रुज महालात, प्रियोळास यावे लागले, हे आपण जाणतोच. पुढे १६२० साली पोर्तुगीज सरकारने आपल्या मुलखात हिंदूंनी विवाहविधी करण्यावरच बंदी घातली. घरचे लग्न घरी करणे हाच गुन्हा ठरला, आणि अंतरपाट धरावयाचा तर सरहद्द ओलांडणे प्राप्त झाले.

याहून विचार करण्याजोगा आहे तो इन्क्विझिशनचा १७३६ चा हुकूमनामा. त्याचा रोख होता मुख्यतः बाटलेल्या कुटुंबांवर. त्यांच्या घरांतून मंत्र आणि होम केव्हाच गेले होते. मग बंदी कशावर? लग्नातील देशी वाद्यांवर, विड्या-सुपारीच्या देवघेवीवर, हळद-तेल लावण्यावर, बायकांच्या ओव्यांवर! कायद्याच्या विद्यार्थ्याला यातून एक गोष्ट चटकन उमगते: निर्जीव गोष्टीवर कोणी बंदी घालीत नाही. देऊळ पाडता येते, पुरोहित हद्दपार करता येतो. परंतु आजीने नातीच्या अंगाला तेल लावताना गुणगुणलेली ओवी कोणत्या शिपायाने जप्त करावी? १८१२ साली इन्क्विझिशन कायमचे बंद झाले. ख्रिस्ती घरांत लग्नाआधी नारळाच्या रसाने वधूवरांना न्हाऊ घालण्याचा ‘रोस’ आजही होतो, दारात माटव उभा राहतो. जे घरच्या हातांत होते ते टिकले.

आता कायदा काय म्हणतो? १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचे सातवे कलम रूढ विधींना महत्त्व देते. विधीच झाला नसेल तर नुसत्या दाखल्याने त्या कायद्याखालील विवाह सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली स्पष्ट केले. गोव्यात पोर्तुगीज अमदानीपासून चालत आलेल्या कायद्यानुसार नोंदणी अधिकाऱ्यापुढील सह्या अपरिहार्य. म्हणजे विधी आणि सही या दोन गोष्टींना पर्याय नाही; बाकीचा पसारा आपल्या मर्जीचा.

मात्र वहिनींच्या बाजूने साक्ष देणारा इतिहास त्यांच्या विरुद्धही एक मुद्दा मांडतो. पोफळीचे खांब आणि माडाच्या झावळ्या यांचा माटव कोणा एका कुटुंबाने उभारला नव्हता. सारा वाडा राबत असे, आणि ते ऋण पुढच्या लग्नात श्रमानेच फेडले जाई. आज वाड्यावरची मुले मुंबईत किंवा आखातात. ती येतात चार दिवसांच्या रजेवर. अशा वेळी ‘सारे घरीच करू’ या वाक्याचा खरा अर्थ घरातल्या दोघी-तिघी बायकांनी महिनाभर कंबर मोडून घ्यावी, एवढाच उरतो. पूर्वजांनी जपली ती परस्परांची साथ. एकटीवर लादलेला भार नव्हे.

म्हणून माझा निवाडा असा. शेकडो पानांचा स्वयंपाक आचाऱ्याकडे, मांडव मांडववाल्याकडे. परंतु हळद घरी कुटावी, तेल आईने आणि आत्याने लावावे, विडे घरच्यांनी बांधावे आणि ओव्या ध्वनिक्षेपकावर न वाजविता तोंडाने म्हणाव्या. ज्या कामात वधूला आपल्या माणसांचा हात लागतो ते विकत घेऊ नये.

पुतणीने निकाल मान्य केला. वहिनींनीही केला, लाडवांपुरते मात्र त्यांनी अपील दाखल केले आहे.