करार, उचल आणि भागी : मराठी नाटकमंडळ्या व त्यांचे तरुण गायक-नट

१

खानदेशात शेतावर वर्षाच्या बोलीने राहणाऱ्या गड्यास सालदार म्हणतात. अक्षय्य तृतीया, म्हणजे तेथील बोलीतील आखाजी, हा जुने साल संपण्याचा व नवे ठरण्याचा दिवस होय. ठरावात मुख्य बाबी तीनच : मुदत, मोबदला आणि उचल. मोबदल्याचा काही भाग धान्यरूपाने आणि काही भाग रोख देण्याची रीत होती. उचल म्हणजे काम करण्यापूर्वीच घेतलेली रक्कम. गड्याला ती लग्नकार्यासाठी किंवा आजारपणासाठी लागे. धन्याला तिचा उपयोग असा की गडी मध्येच सोडून जाण्यास धजत नसे. उचल फिटली नाही, तर पुढचे सालही त्याच दारी काढावे लागे.

या व्यवहारातील शब्दसंग्रह लक्षात घेण्याजोगा आहे. ‘करार’ आणि ‘मालक’ हे शब्द अरबीतून आले, ‘साल’ आणि ‘-दार’ फारसीतून, ‘पगार’ पोर्तुगीजांकडून. परंतु ज्या शब्दांनी माणूस प्रत्यक्ष बांधला जातो, ते ‘बोली’ आणि ‘उचल’ हे दोन शब्द मात्र घरचे आहेत. तमाशाच्या फडातही हेच दोन शब्द रूढ आहेत. दसऱ्याच्या सुमारास सुरू होणाऱ्या हंगामासाठी कलावंताने आधी उचल घ्यावी व हंगामभर त्या फडात काम करून ती फेडावी, असा तेथील परिपाठ होय. शेतावरील साल आणि फडाचा हंगाम यांची घडण अशा रीतीने एकच आहे.

संगीत नाटकमंडळ्यांची प्रतिष्ठा निराळी होती. त्यांचा प्रेक्षक सुशिक्षित होता आणि आश्रयदात्यांत संस्थानिक होते. तथापि नटास मंडळीशी बांधून ठेवण्याचा प्रश्न त्यांच्याही पुढे होताच, आणि तो तरुण गायक-नटाच्या बाबतीत विशेष तीव्र झाला. याचे कारण उघड आहे. शेतावरील गड्याच्या कामाचे मोल वर्षभरात फारसे बदलत नाही. सतरा वर्षांच्या गायक-नटाचे मोल एका नाटकाने पालटते. करार मुदत ठरवितो. त्या मुदतीत होणारी माणसाची वाढ त्याला ठरविता येत नाही. या विसंगतीतून उद्भवलेले तंटे कसे मिटले, किंवा का मिटले नाहीत, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

२

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म १८८८ चा. बालपणातील काही काळ ते जळगावी होते आणि तेथे मेहबूबखाँ यांच्याकडे त्यांना गायनाची तालीम मिळाली. १९०५ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, ते किर्लोस्कर नाटकमंडळीत आले आणि मिरज येथे ‘शाकुंतल’ नाटकातील शकुंतलेच्या भूमिकेत रंगभूमीवर उभे राहिले. या मंडळीचा पाया अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये घातला होता. भाऊराव कोल्हटकरांच्या १९०१ मधील मृत्यूनंतर तिच्या स्त्रीभूमिकांत जी उणीव पडली होती, ती या मुलाने भरून काढली.

१९११ च्या मार्चमध्ये ‘मानापमान’ रंगभूमीवर आले. त्याच वर्षी नानासाहेब जोगळेकर निवर्तले. व्यवस्थापन शंकरराव मुजुमदारांच्या हाती होते आणि प्रमुख नटांशी त्यांचे मतभेद वाढत गेले. अखेर ५ जुलै १९१३ रोजी नारायणराव राजहंस, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे या तिघांनी भागीदारीत गंधर्व नाटकमंडळी स्थापन केली. प्रमुख गायिका, प्रमुख गद्य नट आणि संगीतकार अशी तीन अंगे एकाच वेळी जुन्या संस्थेतून निघून गेली.

या घटनेकडे व्यक्तींच्या स्वभावाची कथा म्हणून पाहण्याची प्रथा आहे. मुजुमदार कडक होते, बालगंधर्व मानी होते, असे म्हटले की विषय संपतो. परंतु अशाच घटना मागेपुढे घडलेल्या दिसतात. केशवराव भोसले (जन्म १८९०) यांना स्वदेश हितचिंतक मंडळीने अगदी लहानपणी घेतले होते. ‘शारदा’ नाटकातील शारदेच्या भूमिकेने ते लोकांपुढे आले. १९०८ मध्ये, अठरा वर्षे पुरी होण्याच्या आत, त्यांनी हुबळी येथे ललितकलादर्श मंडळी काढली. तिकडे किर्लोस्कर मंडळीने बालगंधर्वांची जागा भरण्यासाठी १९१४ च्या सुमारास दीनानाथ मंगेशकर (जन्म १९००) या कोवळ्या वयाच्या गायकास घेतले. १९१८ मध्ये तेही चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह बाहेर पडले आणि बळवंत संगीत मंडळी उभी राहिली. म्हणजे एकाच संस्थेने पाच वर्षांत आपला तरुण गायक दोनदा गमावला. एवढ्या लवकर तीच गोष्ट पुन्हा घडते, तेव्हा तिचे कारण स्वभावात नव्हे, व्यवस्थेत शोधले पाहिजे.

३

प्रथम कायद्याची बाजू पाहू. १८७२ च्या करारविषयक कायद्याने करार करण्यास सज्ञान असणे आवश्यक ठरविले आणि १८७५ च्या कायद्याने सज्ञानतेची सामान्य मर्यादा अठरा वर्षे केली. अज्ञानाने केलेला करार केवळ रद्द करता येण्याजोगा आहे की मुळातच शून्य, हा वाद १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने मोहोरीबीबी विरुद्ध धर्मदास घोष या खटल्यात मिटविला. असा करार मुळातच शून्य ठरला. वर उल्लेखिलेले तिन्ही गायक आपापल्या मंडळीत आले, तेव्हा त्यांपैकी एकही अठरा वर्षांचा नव्हता.

सज्ञान नटाच्या बाबतीतही कायद्याचा हात आखूडच होता. १८५२ मध्ये लंडनमध्ये लम्ली नावाच्या नाट्यगृहचालकाने योहाना वाग्नर या गायिकेवर दावा आणला. न्यायालयाने असे ठरविले की, तिला लम्लीकडे गाण्याची सक्ती करता येणार नाही, परंतु मुदतीत अन्यत्र न गाण्याचे वचन दिले असेल, तर अन्यत्र गाण्यास मनाई करता येईल. हे तत्त्व १८७७ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याने हिंदुस्थानात आणले आणि त्यासाठी दिलेले उदाहरण नाट्यगृहात गाणाऱ्याचेच होते. मुदत संपल्यानंतर मात्र, करारकायद्याच्या २७ व्या कलमाप्रमाणे, कोणास आपला धंदा करण्यापासून रोखणारी अट शून्य ठरते.

येथे मजुराशी तुलना उद्बोधक आहे. १८५९ च्या कायद्यान्वये अग्रिम रक्कम घेऊन काम न करणाऱ्या कारागिरास वा मजुरास न्यायाधीश काम पुरे करण्याचा हुकूम देऊ शके आणि तो न पाळल्यास कैदेची शिक्षाही होई. हा कायदा १९२५ मध्ये रद्द झाला. म्हणजे गरीब श्रमिकाच्या उचलीमागे दीर्घकाळ तुरुंगाची भीती उभी होती. नाटकमंडळीच्या मालकास तसे साधन नव्हते. तरुण नटाने जायचे ठरविले, तर त्याला अडविणारी गोष्ट कागदावर नव्हती. ती होती उपकाराची जाणीव. ज्या मंडळीने मुलास पोसले, शिकविले, कपडालत्ता केला, तिचे बिऱ्हाड हेच त्याचे घर झालेले असे. सोडून जाणे हा करारभंग मानला जात नसे. ती कृतघ्नता मानली जाई. ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ हा वाक्प्रचार या व्यवहारातील खरा दस्तऐवज होता, असे म्हणता येईल.

या स्थितीत दोन्ही पक्षांचे खरे नुकसान होते. मालकाने मुलाच्या शिक्षणावर केलेला खर्च वसूल होण्याची हमी नव्हती. मुलाला आपल्या वाढत्या मोलाचा हिशेब मागण्याचा मार्ग नव्हता, कारण उपकाराचा हिशेब मागता येत नाही. कराराच्या तंट्यात देवघेव होऊ शकते : मुदत कमी करावी, रक्कम वाढवावी. कृतज्ञतेच्या तंट्यात मधला आकडा नसतो. यास्तव मतभेद वाढला की राहणे किंवा तुटणे एवढेच उरे, आणि तुटणे म्हणजे नवी मंडळी काढणे.

४

नव्या मंडळीचे रूप भागीदारीचे असे, ही गोष्ट आकस्मिक नाही. पगार आधी ठरतो आणि तेवढाच राहतो. भागीदाराचा वाटा उत्पन्नाबरोबर वाढतो. ज्याचे मोल झपाट्याने वाढत आहे अशा नटास भागी हेच न्याय्य मोजमाप वाटणे स्वाभाविक होते. किर्लोस्कर मंडळीने बालगंधर्वांस आणि पुढे दीनानाथांस वेळीच असा वाटा दिला असता, तर इतिहास निराळा झाला असता काय, हा तर्काचा विषय आहे. परंतु बाहेर पडलेल्यांनी नेमकी हीच रचना निवडली, ही वस्तुस्थिती त्यांच्या असमाधानाचे स्वरूप पुरेसे स्पष्ट करते.

तथापि भागीदारीही टिकली नाही. गंधर्व मंडळीतून प्रथम टेंबे आणि नंतर बोडस बाहेर पडले; बालगंधर्व एकटे मालक झाले आणि कर्जाचा भारही त्यांच्याच शिरावर आला. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ मुंबईस झालेल्या ‘संयुक्त मानापमाना’त केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी म्हणून एकत्र उभे राहिले. तरुणपणी आपापल्या मालकांपासून दूर झालेले हे दोघे तेव्हा स्वतःच मालक होते, आणि त्यांच्या बिऱ्हाडांतही मुले शिकत होती. मालक बदलले, परंतु नटाची वाढ मोजण्याची रीत मात्र कोणी बसविली नाही.

५

हा प्रश्न केवळ मराठी रंगभूमीचा नाही. जेथे एका तरुणाच्या अंगच्या गुणावर अनेकांचा व्यवसाय चालतो, तेथे तो उद्भवतोच. याची स्पष्ट उदाहरणे व्यावसायिक खेळांत आढळतात. इंग्लंडमध्ये कराराची मुदत संपली तरी फुटबॉल संघ खेळाडूस अडवून ठेवू शके. न्यूकॅसल संघाच्या जॉर्ज ईस्टहॅमने १९६० मध्ये खेळण्यास नकार दिला आणि काही काळ दुसरा व्यवसाय पत्करला. १९६३ मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी ही अडवणूक धंद्यावरील अवाजवी बंधन ठरविली. कॅनडात बर्फावरील हॉकीच्या माँट्रियल संघाचा गोलरक्षक केन ड्रायडन याचे १९७३ मध्ये मानधनावरून संघाशी पटेना. सव्वीस वर्षांच्या या खेळाडूने १९७३-७४ चा संपूर्ण हंगाम खेळणे सोडले आणि टोरांटो येथे एका कायदेविषयक कचेरीत अल्प वेतनावर उमेदवारी केली. त्या हंगामात माँट्रियल संघ अंतिम स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत बाद झाला. पुढच्या हंगामात ड्रायडन परतला, आणि १९७६ ते १९७९ अशी चार वर्षे संघाने ओळीने अजिंक्यपद मिळविले.

मराठी नटांच्या तंट्यांहून या प्रसंगाचा शेवट निराळा आहे. ड्रायडन दूर झाला आणि परतला. त्याला नवा संघ काढावा लागला नाही. त्याची मागणी रकमेची होती आणि रकमेचे उत्तर रकमेने देता येत होते. अनुपस्थितीच्या एका हंगामाने त्याचे मोल सिद्ध केले. किर्लोस्कर मंडळी आणि तिचे नट यांच्यात असा परतीचा रस्ता नव्हता.

६

बोलपटाने व्यवहार लेखी केला. परंतु जुनी अडचण सुटली नाही. १९३५ मध्ये बालगंधर्व स्वतः प्रभात फिल्म कंपनीच्या ‘धर्मात्मा’ या चित्रपटात एकनाथांच्या भूमिकेत उतरले. कॅमेऱ्यापुढील पहिल्याच पुरुषभूमिकेनंतर तो संबंध संपला. १९३९ च्या जुलै महिन्यात त्याच कंपनीची तरुण अभिनेत्री शांता आपटे करारविषयक वादात पुण्यातील स्टुडिओच्या फाटकापाशी उपोषणास बसली. १९३७ च्या ‘कुंकू’मध्ये जरठविवाहाविरुद्ध झगडणाऱ्या नायिकेची भूमिका तिने केली होती. लेखी करार हाती असूनही न्यायालयाऐवजी तिने उपोषणाचा मार्ग धरला. उपोषण हे नैतिक दडपणाचे साधन आहे. ज्याच्याशी नाते मानले जाते, त्याच्याच दारी ते केले जाते. कृतज्ञतेच्या भाषेला तिने त्याच भाषेत उत्तर दिले, असा याचा अर्थ लावता येतो. पुढे १९४० मध्ये तिने ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहून चित्रपटधंद्यातील श्रमांची चर्चा केली.

कायद्याने अज्ञान कलावंतास किती कमी दिले, हे राजराणी विरुद्ध प्रेम अदीब या खटल्यावरून दिसून येते. एका अज्ञान मुलीच्या वतीने तिच्या वडिलांनी चित्रपटनिर्मात्याशी करार केला होता. तो मोडल्याबद्दल नुकसानभरपाई मागितली असता मुंबई उच्च न्यायालयाने ती नाकारली. अज्ञान मुलीचे वचन कायद्याने बंधनकारक नाही, म्हणून त्यावर आधारलेला करारही उभा राहू शकत नाही, असा निर्णय झाला. अज्ञानाच्या रक्षणासाठी केलेल्या नियमाने येथे अज्ञानाचाच मोबदला बुडाला. नाटकमंडळ्यांतील मुलांवर अशी वेळ न्यायालयात आली नाही, एवढाच फरक.

७

मराठी रंगभूमीचा इतिहास बहुधा नाटके, पदे आणि भूमिका यांच्या अनुषंगाने लिहिला गेला आहे. मंडळ्या का फुटल्या, याचे उत्तर मात्र जमाखर्चाच्या वह्यांत आहे. कोणत्या नटाच्या नावे किती उचल पडली, ती केव्हा फिटली, आणि फिटल्यावर किती महिन्यांनी तो निघून गेला, या नोंदी एकत्र मांडल्या तर १९०८, १९१३ आणि १९१८ या तीन वर्षांचे दुवे जुळू शकतील. धुळ्यात आयुष्याची अखेर झालेल्या वि. का. राजवाड्यांनी दप्तरातील किरकोळ कागदही इतिहासाचे साधन मानण्याची दृष्टी महाराष्ट्रास दिली, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९२७ मध्ये तेथेच त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. ती दृष्टी नाटकमंडळ्यांच्या वह्यांकडे अजून पुरेशी वळलेली नाही. जळगावी तालीम घेतलेल्या मुलाचे गाणे ध्वनिमुद्रिकांतून ऐकता येते. त्या गाण्याचे मोल त्याच्या मालकाने कोणत्या आकड्यात मांडले होते, हे वह्याच सांगू शकतील.