स्मारक बोलतं, पण कोणाच्या वतीने?

हिवरखेड मोर्शी तालुक्यातही आहे आणि आमच्या तेल्हारा तालुक्यातही. पत्र नेमकं कुठं टाकायचं, हा घोळ निस्तरायला १९७२ साली पिनकोड आला. (त्याची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी, शिवाय संस्कृत कवी.) पण देशाबाहेर जाणाऱ्या पत्राचा घोळ याहून जुना. त्यावर उभारलेल्या एका शिल्पाने मला पहिल्याच मसुद्यात तोंडघशी पाडलं, ते सांगतो.

हे शिल्प स्वित्झर्लंडमध्ये, बर्न शहरातल्या एका बागेत आहे. ढगांवर पृथ्वीचा गोल, भोवती पाच खंडांच्या पाच आकृत्या, आणि हातातून हातात जाणारी पत्रं. शिल्पकार फ्रेंच, रेने द सां-मार्सो. अनावरण ४ ऑक्टोबर १९०९ चं. जागतिक टपाल संघाचं बोधचिन्ह यावरूनच घेतलंय.

हा संघ ९ ऑक्टोबर १८७४ ला बर्नमध्येच झाला. त्याआधी देशादेशांचे वेगळे करार, वाटेप्रमाणे वेगळे दर. २२ देशांनी ठरवलं की सगळे सदस्य मिळून एकच टपाल-क्षेत्र मानायचं, आणि तिकिटाचे पैसे पाठवणाऱ्या देशाकडेच राहू द्यायचे. साधी वाटणारी ही कलमं वाचून बघा, कारकुनाचं किती हिशेबाचं काम वाचलं असेल! भारत १८७६ मध्ये आत आला. भारत म्हणजे अर्थात ब्रिटिश हिंदुस्थान.

आता माझी चूक. मी लिहिलं होतं, 'शिल्पात आशिया इतर खंडांच्या बरोबरीने आहे, यावरून हे सहकार्य समानतेचं होतं असं दिसतं.' सरांनी समासात एवढंच लिहिलं: 'हे कोण म्हणतंय?'

दोन दिवस डोकं खाजवलं. मग लक्षात आलं की शिल्प कराराच्या ३५ वर्षांनंतरचं आहे आणि ते संघाने स्वतःच उभारलंय. म्हणजे १८७४ ला काय घडलं याचा तो पुरावा नाहीच. १९०९ ला संघाला स्वतःला कसं दाखवायचं होतं, त्याचा आहे. गोलाभोवती आशियाचा हात आहे, पण संघात हिंदुस्थानचा आवाज इंग्रज सरकारचा होता.

यावर चिडून मी दुसऱ्या टोकाला गेलो आणि 'सगळा देखावा' असं लिहून बसलो. तेही खोडलं गेलं, बरं का. दर खरंच एकसारखे झाले होते, पत्रं खरंच पोचत होती.

मग मला १९४९ ची तिकिटं सापडली. संघाच्या ७५ वर्षांनिमित्त स्वतंत्र भारताने काढलेली. त्यांवरही पृथ्वीचा गोल आहे, पण सोबत अशोकस्तंभाचे सिंह. पुढे १९६९ च्या टोकियो अधिवेशनात ९ ऑक्टोबर हा जागतिक टपाल दिन करावा, असा प्रस्ताव भारताच्याच शिष्टमंडळातल्या आनंद मोहन नरुला यांनी मांडला.

तुमच्या विषयात स्मारक असेल तर आधी तीन तारखा वहीत लिहा: घटनेची, ठरावाची, अनावरणाची. मी आता शिल्प आणि तिकीट शेजारी ठेवून प्रकरण पुन्हा लिहिलंय. सोमवारी सरांकडे जातंय.