सुपे, १८७५ : कर्ज फिटेना म्हणून कागदच जाळले

आज जायचंय बारामती तालुक्यातल्या सुप्याला. तारीख १२ मे १८७५, बाजाराचा दिवस. आसपासच्या गावांतले शेतकरी जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. मागितलं काय? कागद! कर्जरोखे, हिशोबाच्या वह्या. ते हाती आले की रस्त्यावर ढीग करून पेटवले. धान्याची दुकानंही लुटली, काही घरं जाळली. पण सावकाराने मुकाट रोखे दिले, तर बहुतेकदा त्याच्या अंगाला हात लावला नाही. पुणे आणि नगर जिल्ह्यांत तीसहून जास्त गावांत हे लोण पसरलं. ९५१ जणांना अटक झाली.

पुस्तकात हे 'दख्खनचे दंगे' म्हणून उरकतात. सावकार दुष्ट, शेतकरी गरीब, विषय संपला. पण खरी गंमत पुढे आहे. सावकारांची बरीचशी वसुली कायद्याने, कोर्टातून चालली होती.

त्याआधी वसुली कशी व्हायची? तगादा. आणि तगाद्याने भागलं नाही तर धरणं. सावकार किंवा त्याचा माणूस ऋणकोच्या दारात उपाशी बसायचा, आणि त्याचं पाप घरावर येईल ही भीती. (आज आपण कलेक्टर ऑफिससमोर धरतो ते धरणं हेच बरं का!) इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत, कलम ५०८ मध्ये, दैवी कोपाची भीती घालणं गुन्हा ठरवलं. तिथे उदाहरणच दिलंय, दारात धरणं धरून बसलेल्या माणसाचं.

म्हणजे दारातली वसुली गेली, कोर्टातली आली. चांगलंच झालं, असं वाटतं ना? आता हे बघा. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्याला तीन वर्षांची मुदत दिली. हेतू हा, की व्याज वर्षानुवर्षं साचू नये. सावकाराने काय केलं? दर तीन वर्षांनी नवा रोखा, आणि व्याज मुद्दलात जमा. समजा १०० रुपये, साल व्याज २४ टक्के. तीन वर्षांनी १७२. त्या १७२ वर पुन्हा व्याज. नऊ वर्षांत ५०० च्या वर! आपल्या जुन्या दामदुपटीच्या नियमाने व्याज मुद्दलापेक्षा जास्त चढत नाही, म्हणजे एकूण २०० वर थांबलं असतं. पण इथे व्याजच मुद्दल होऊन बसलेलं.

त्यात अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले, आणि त्याच सुमारास सारा वाढवला गेला. कोर्टाचं समन्स आलं तरी शेतकरी जायचा नाही. लांबचं कोर्ट, कागद वाचता येत नाही, बोलणार काय? मग एकतर्फी हुकूमनामा. शिरूरजवळच्या करडे गावात असाच हुकूमनामा मिळवून सावकाराने देशमुखाचा वाडा पाडला. डिसेंबर १८७४ मध्ये गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. सुप्याची ठिणगी तिथून आली.

मग चौकशी आयोग, आणि १८७९ चा दख्खन कृषक कायदा. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांसाठी. माझ्या मते त्यातली सगळ्यात धाडसी गोष्ट म्हणजे, सही आहे म्हणून रोखा खरा, हे न्यायाधीशाने मानायचं नाही. ऋणकोला बोलवायचं, पहिल्या पैशापासून हिशोब काढायचा, मुद्दल वेगळं, व्याज वेगळं. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद. तारण न ठेवलेली जमीन जप्त करता येईना. पैसे भरले तर पावती द्यायचीच. आणि दाव्याआधी तडजोडीचा प्रयत्न. या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून पुढे न्यायमूर्ती रानड्यांनीही काम केलं.

सावकारांनीही वाट काढली. गहाणखताऐवजी सरळ विक्रीखत लिहून घ्यायचं, 'पैसे फेडलेस की जमीन परत' हे नुसतं तोंडी. कागदावर विक्री, मग कर्जाचा कायदा लागू कसा होणार? शेवटी कायद्यात दुरुस्ती करून कोर्टाला मुभा दिली, की कागदावर काय लिहिलंय ते असू दे, खरा व्यवहार काय होता ते विचारा.