वाडा मोठा की गढी?

बारामती आणि इंदापूर हे पुणे जिल्ह्यातले शेजारचे तालुके. शेजारी म्हटले की चिडवाचिडवी आलीच. दोन्हीकडचे बागवान डाळिंब-पेरूच्या व्यापाराला एकत्र जमले की गमतीने भांडतात.

"आमच्या कऱ्हाकाठी बाबूजी नाइकांचा वाडा हाय, दगडी! तुमची गढी मातीची."

"मातीची असंल चाचा, पण मालोजीराजांची हाय!"

इतिहासात डोकावले तर हा वाद टिकत नाही. देशावरच्या गढीला पांढरी माती लागे, पण पायाला काळा दगडच. वाड्याचे जोते दगडी, वरच्या भिंती बहुधा विटा-मातीच्या. दगड सांधायला चुना. तो बैल जुंपलेल्या घाणीत मळत, काही ठिकाणी गुळाचे पाणीही घालत.

शब्दांचेही तसेच. वीट, माती, जोते देशी. बुरूज, इमारत, हौद मूळचे अरबी. दरवाजा आणि खुद्द 'बागवान' फारसी. उर्दू-मराठी शिकवताना हे मला रोज दिसते. मालोजीराजांच्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी. अहमदनगरच्या शाह शरीफ पिरावरच्या श्रद्धेतून ती ठेवली, असे परंपरा सांगते. इंदापूरच्याच लढाईत मालोजीराजे कामी आले.

"या गढीशी तुमचा काय संबंध?" असे आज कुणी आपल्याला विचारले, तर रागावू नये. त्याला बागवानांची ती चिडवाचिडवी ऐकवावी. 'आमचा वाडा', 'आमची गढी' म्हणताना त्यांना कुठलाच दाखला लागत नाही.